गाडी निघाली, वाफं भिजवून ठेवा

माझ्या धंद्यात मला सगळ्यात जास्त चीड कुणाची येत असेल, तर कंपनीच्या प्लगइनमध्ये थेट हात घालणाऱ्यांची. मी विजयमाला. बारामतीत भिगवण रस्त्याला माझं दोन खुर्च्यांचं ऑफिस आहे. मंगल कार्यालयं, दूध डेअऱ्या, रोपांच्या नर्सऱ्या अशांच्या वेबसाईट मी करते, सांभाळते, आणि बहुतेक वेळा दुसऱ्यांनी घातलेला घोळ निस्तरते. प्लगइन म्हणजे काय, तर ट्रॅक्टरला मागून नांगर नाहीतर रोटर जोडतो तसं वेबसाईटला जोडायचं तयार अवजार. कुठलं ऑर्डर घेतं, कुठलं फोटो दाखवतं. बनवणारी कंपनी कुठंतरी लांब बसलेली असते आणि अधूनमधून त्याची नवी आवृत्ती पाठवते. अपडेटचं बटन दाबलं की जुनं सगळं उचलून टाकलं जातं आणि त्या जागी नवं कोरं येतं. मधे कुणी हौसेनं काही बदल केलेला असला की तोही गेला. मग ही माणसं माझ्याकडं येतात आणि माझ्याच तोंडाकडं बघत बसतात.

सावळाराम तात्या तसेच आले, आषाढातल्या एका दुपारी. निरवांगीहून एसटीनं भवानीनगरपर्यंत, तिथून दुसरी गाडी धरून. डोक्याला टोपी, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, आणि नखांत कोकोपीट. रोपं ज्या नारळाच्या भुशात करतात ना, ते. नर्सरीवाला माणूस लगेच ओळखू येतो. पाणी दिलं तर प्यायले नाहीत. म्हणाले, "पोरी, माझ्या लेकीचं नाव गेलंय आतनं. तेवढं परत आन."

मी वेबसाईट उघडली. भाजीपाल्याच्या रोपांचं बुकिंग घ्यायची साधी वेबसाईट, तिला बुकिंगचं प्लगइन जोडलेलं. दोनच दिवसांपूर्वी अपडेट झालेलं दिसत होतं. कुणी केलं विचारलं, तर पोरानं, अजितनं. त्याचीही चूक म्हणता येणार नाही. ज्यांच्या सर्व्हरवर वेबसाईट ठेवलेली होती त्यांचं पत्र आलं होतं, की जुनी आवृत्ती आता चालणार नाही, अपडेट करा नाहीतर बुकिंग बंद पडेल. ऐन टोमॅटोच्या लावणीत बुकिंग बंद पडून कसं चालेल? त्यानं बटन दाबलं. बटन दाबलं आणि सगळं इंग्रजी झालं.

मग तात्यांनी पिशवीतून फोन काढला आणि आधी काय होतं ते दाखवलं. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या फोनवरून मागवून घेतलेले फोटो होते. बुकिंगचा फॉर्म बघितला आणि, खोटं कशाला बोलू, माझी चीडच गेली. कंपनीच्या फॉर्मात रस्ता, शहर, राज्य असली विचारणा असते. आमच्याकडं वस्तीवर राहणारा माणूस त्यात काय लिहिणार? तात्यांच्या लेकीनं, छकुलीनं, ते काढून टाकलं होतं आणि तिथं लिहिलं होतं, 'वस्ती कुणाची?' त्याखाली, 'गाडी कुठल्या फाट्यावर थांबवायची?' त्याखाली, 'पाणी कॅनॉलचं, विहिरीचं का बोअरचं?' टेम्पोवाल्याला लागतं तेवढंच, आणि रोपाला लागतं तेवढंच. आणि रोपं लादून टेम्पो निघाला की तात्यांनी एक बटन दाबायचं, 'गाडी निघाली' म्हणून. की गिऱ्हाइकाला मेसेज जायचा.

'गाडी निघाली. वाफं भिजवून ठेवा. रोपं तहानलेली येत्यात. छकुली रोपवाटिका, निरवांगी.'

हे बोलणं तात्यांचं होतं. वेबसाईट नव्हती तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून ते हीच तीन वाक्यं सांगायचे. पोरीनं ती ऐकून ऐकून जशीच्या तशी उतरवली होती, 'येतात'चं 'येत्यात' सुद्धा तसंच ठेवून.

त्या दिवशी मला वाटलं, लेक वारली असणार. माणूस असा बसला होता. विचारायचा धीर होईना. शेवटी विचारलं, छकुली कुठं असते? म्हणाले, "पणदऱ्यात दिलीय." पणदरे म्हणजे माझ्या ऑफिसपासून दुचाकीवर चहा प्यायला जाऊन यावं इतकं जवळ. म्हटलं, अहो तात्या, मग तिलाच विचारा ना! तिनंच केलंय, ती बसल्या जागी करून देईल. तर त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

ती हकिगत मला त्या दिवशी थोडी आणि नंतर थोडी अशी समजली. तात्यांचा थोडा ऊस आणि बाकी माळ. छकुली जन्मली त्या साली त्यांनी माळावर पहिल्यांदा मिरचीच्या बियांचं तरू टाकलं आणि रोपांच्या जुड्या ओल्या गोणपाटात बांधून सायकलीवर गावोगाव विकल्या. विकली गेली. तेव्हापासून जे काही उभं राहिलं त्याला त्यांनी पोरीचंच नाव दिलं. पुढं शेडनेट आलं, ट्रे आले, टेम्पो आला. पोरगी बारामतीला शिकायला होती तेव्हा रविवारी घरी येऊन ट्रे भरू लागायची आणि वेबसाईटही तिनं त्याच काळात शिकत शिकत केली. प्लगइनमध्ये थेट हात घातला तोही तेव्हाच. नवशिकं पोर ते, चालत्या गाडीत जे हाताला लागलं ते बदलत गेली. पण ते चुकलं हे तिला नंतर कळलं होतं. लग्न होऊन जाताना तात्यांना बजावून गेली होती, अपडेटला हात लावू नका, मी येऊन एकदा नीट करून देते. सासरहूनही बुकिंग तीच बघायची.

मग अजितला मुलगा झाला, यशराज. आणि आमच्याकडं जे सगळीकडं होतं तेच झालं. घरात नातू आला की दुकानावर, गाडीवर, दुधाच्या कॅनवर त्याचं नाव चढतं. औषधांचं दुकान असो की वीटभट्टी, मालक सांगेल, आमचं 'अमुकराज' हाय. पोरगं अजून रांगत असतं आणि हायवेवर त्याच्या नावाचा बोर्ड लागलेला असतो! पाव्हणेरावळे म्हणाले, तात्या, लेक नांदायला गेली, आता तिच्या नावाचा बोर्ड कशाला? तात्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पेंटर बोलावला. त्यानं जुनाच पत्रा घासला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'यशराज हायटेक नर्सरी'. टेम्पोवरही तेच.

छकुली बारशाला आली तेव्हा फाट्यावर उतरताच तिला बोर्ड दिसला. भाच्याला मांडीवर घेतलं, पाळणा म्हटला, जेवली. निघताना तात्यांना एवढंच म्हणाली, "नाव बदला, तुमचंच हाय. पण तात्या, मला एकदा सांगायचं तरी."

त्यानंतर ती माहेरी आली नाही. वेबसाईटचा पासवर्ड अजितला देऊन मोकळी झाली. आईशी, कौसल्याकाकूंशी, तिचं फोनवर बोलणं व्हायचं. तात्यांशी नाही. आणि तात्यांनीही लावला नाही. का, तर म्हणे काय बोलू?

"मला वाटलं, दोन म्हयन्यानी राग जाईल," तात्या म्हणाले. "दिवाळीला येईल. दिवाळी गेली. मग मला लाज वाटाया लागली. लाज वाटाया लागली की मानूस अजूनच गप बसतो बघ."

पण एक गोष्ट राहून गेली होती. बोर्ड बदलला, टेम्पो बदलला, मेसेज मात्र कुणी बदलला नव्हता. अजितनं वेबसाईटच्या वर नवं नाव टाकलं, पण मेसेजमधलं नाव छकुलीनं प्लगइनच्या आत स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं, ते त्याला सापडलंच नाही. इंदापूर तालुक्यात आणि नीरेच्या अल्याड-पल्याड कुणाचीही रोपं निघाली तरी मेसेज जायचा छकुली रोपवाटिकेचा. तात्या अपडेटचं लाल निशाण बघायचे आणि अजितला हात लावू द्यायचे नाहीत.

आणि बारशानंतरच्या पावसाळ्यात एक बुकिंग आलं. झेंडू, एक ट्रे. नाव, फुलाबाई. गाव, पणदरे. फुलाबाई म्हणजे तात्यांची आई, जाऊन किती वर्षं झालेली. फोन नंबर छकुलीचा. तात्यांना तो पाठ होता.

तात्यांनी ट्रे तयार केला. रोपं चार बोटं झाल्यावर टेम्पोत ठेवला, 'गाडी निघाली'चं बटन दाबलं आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसले. पणदऱ्याच्या फाट्यापर्यंत आले. तिथं चहाच्या टपरीच्या काचेत त्यांना आपल्या टेम्पोचं तोंड दिसलं. कपाळावर यशराज हायटेक नर्सरी, भोवती फुलांची नक्षी. असली गाडी घेऊन लेकीच्या दारात कसं जायचं? ड्रायव्हरला म्हणाले, वळव. ती रोपं त्यांनी घरी आणून फाटकापासून बांधापर्यंत लावली. दसऱ्याला सगळा बांध पिवळा झाला.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुलाबाई, पुन्हा झेंडू, एक ट्रे. गाडी काही जायची नाही. पण तात्या दरवर्षी ट्रे करायचे, बटन दाबायचे आणि रोपं बांधाला लावायचे. तिला मेसेज पोचायचा, खाली स्वतःचं नाव असायचं. बापानं अजून आपलं नाव काढलं नाही, एवढं तिला कळायचं. पोरगी अजून विचारते, एवढं यांना कळायचं. बाप-लेकीचं वर्षाचं बोलणं ते एवढंच. मला हे ऐकून रडू आलं आणि रागही आला. अरे, फोन आहे, एसटी आहे, दोन पाय आहेत!

आता अडचण कळली का? अजितनं अपडेट केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी फुलाबाईचं बुकिंग आलं. आणि बुकिंग मिळाल्याचा मेसेज गेला तो कंपनीचा. इंग्रजीत आभार, आणि खाली वेबसाईटवरून आपोआप उचललेलं नाव, यशराज हायटेक नर्सरी.

"तिला वाटंल, मी आता हितनं बी पुसली तिला," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी पंखा बंद केला. "रोपं तयार व्हायला तीन आठवडं हायती. तवर होईल का?"

मी म्हटलं, होईल. काही वेळेला आमच्या धंद्यातही देव असतो, त्याला बॅकअप म्हणतात. सर्व्हरवाल्यांकडं मागच्या आठवड्याची नक्कल होती. ती उतरवली, कंपनीची त्या काळातली मूळ आवृत्ती शोधली आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून एकेक ओळ ताडून बघितली. जिथं फरक, तिथं छकुलीचा हात. तात्या शेजारच्या खुर्चीवर बसून स्क्रीनकडं बघत होते. कळत काही नव्हतं, पण फरकाची हिरवी ओळ आली की विचारायचे, ही तिची का? मी व्हय म्हणायचे. मग ते तेवढ्या ओळीपुरते पुढं वाकायचे.

सगळ्या ओळी सापडल्या, पण त्या परत तिथंच घातल्या असत्या तर पुढच्या अपडेटला पुन्हा हीच रड. म्हणून मी दुसरं केलं. तात्यांना सांगितलं, हे बघा, भाड्याच्या घरात भिंतीवर चित्र काढलं तर मालक रंग देताना ते पुसणारच. पण शहाणा मालक भिंतीला खिळे मारून ठेवतो. तुमची तसबीर तुम्ही खिळ्याला अडकवायची. त्यानं किती का रंग देईना, खिळा जागेवर, तसबीर तुमची. कंपनीनंही प्लगइनमध्ये जागोजागी असे खिळे ठेवलेले असतात. हुक म्हणतात त्याला. आपण छकुलीचं सगळं वेगळं काढायचं, त्याचं आपलं एक छोटं स्वतंत्र प्लगइन करायचं आणि ते त्या खिळ्यांना अडकवायचं. फॉर्म भरताना या खिळ्यावर तिचे प्रश्न, मेसेज जाताना त्या खिळ्यावर तिचं बोलणं. कंपनीच्या फायलीला बोट लावायचं नाही.

"मंजी त्यांचं नवं येत ऱ्हानार, आनि हिचं बी ऱ्हानार?"

"राहणार. खिळाच काढला कंपनीनं तर मात्र बघावं लागेल. म्हणून अपडेट आधी नकलेवर करून बघायचं, मग खऱ्यावर. ते मी बघीन."

मग तात्यांनी विचारलं, "बोर्डाचा बॅकअप कुठं असतो गं?"

पत्रा घासलेला. म्हटलं, तात्या, त्याचा नसतो. मान हलवली त्यांनी. नंतर आपणच म्हणाले, यशराजचं पुसलं तर त्या लेकराचा काय गुन्हा, त्याचं ऱ्हाऊ द्यायचं. बाजूला दुसरा पत्रा लावायचा. एवढी साधी गोष्ट तवा का सुचली न्हाय, कुणास ठाऊक. मी चहा मागवला, तो त्यांनी या वेळेला प्यायला.

छोट्या प्लगइनला नाव द्यावं लागतं. मी 'छकुली' दिलं. सगळं अडकवलं आणि त्यांच्यासमोर कंपनीचं अपडेट पुन्हा एकदा मुद्दाम करून दाखवलं. वस्ती, फाटा, पाणी, सगळं जागच्या जागी. माझ्या नंबरवर मेसेज मागवला. तो मराठीत आला, खाली छकुली रोपवाटिका. तात्यांनी माझा फोन हातात घेऊन तो दोनदा वाचला.

झेंडूची रोपं तयार झाल्यावर ते परत आले. घरून बटन दाबलं असतं तरी चाललं असतं, पण भरवसा वाटेना म्हणून पुन्हा दोन एसट्या करून आले. फुलाबाईचं बुकिंग उघडलं. बटनाच्या वर गिऱ्हाइकाला काही कळवायचं असल्यास लिहायला एक चौकोन असतो. तात्यांनी विचारलं, हितं लिवलेलं तिला जातं का? जातं म्हटलं. सांगा, मी टाइप करते. तर म्हणाले, नको, मी लिवतो. एका बोटानं लिहायला लागले. मी उगाच कागद आवरत बसले. बटन दाबून झाल्यावर मला बोलावलं, गेलं का बघ म्हणाले. गेलं होतं. खाली तेच नेहमीचं, गाडी निघाली, वाफं भिजवून ठेवा, छकुली रोपवाटिका. वर त्यांची ओळ.

'हितनं गाडी येत न्हाय पोरी. माझं चुकलं. वाफं मी भिजवून ठिवतो, तू निघ.'

उत्तर आलं नाही. दुपारभर बसले. कुणाचाही फोन वाजला की दचकायचे. शेवटची भवानीनगरची गाडी चुकंल म्हणून मीच उठवलं त्यांना. जिना उतरताना एकदम म्हातारे दिसले. मला रात्रीचं जेवण गेलं नाही, सांगते.

चार-पाच दिवसांनी सकाळी ऑफिस उघडत होते तर तात्यांचा फोन. बुकिंग आलंय, नीट वाचून दाखव, माझ्या डोळ्याचा भरवसा न्हाय. मी कुलूप तसंच लटकत ठेवून फोनवरच वेबसाईट उघडली आणि मोठ्यानं वाचलं.

नाव, छकुली. रोप, झेंडू, एक ट्रे. वस्ती कुणाची? आपली. गाडी कुठल्या फाट्यावर थांबवायची? गाडी नको, मी येते.

मी दोनदा तात्या, तात्या केलं. मग म्हणाले, "पोरी, आता त्ये गाडी निघालीचं बटन कुनी दाबायचं?"

म्हटलं, या वेळेला कुणीच नाही. गाडी तिकडून निघालीय. तुम्ही आपलं काम करा. बरं म्हणाले आणि फोन तसाच चालू ठेवून कुठंतरी ठेवून दिला. कौसल्याकाकू काहीतरी विचारत होत्या. मग पंपाची मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, आणि त्यामागून पाण्याचा. मी दारातच उभी राहून तो ऐकत होते.